लिस्बन ते हेलसिंकी: अंतर आणि उड्डाणाचा वेळ यांचे गणित

पोर्तुगालची राजधानी लिस्बन युरोपच्या नैर्ऋत्य टोकाला अटलांटिक महासागराजवळ आहे, तर फिनलंडची राजधानी हेलसिंकी ईशान्येला बाल्टिक समुद्राच्या एका आखातावर वसलेली आहे. या दोन शहरांमधील अंतर इंटरनेटवर शोधले, तर कुठे ३,३६०, कुठे २,०८८ आणि कुठे १,८१४ असे आकडे दिसतात. उड्डाणाच्या वेळाचेही तसेच आहे. एका ठिकाणी पावणेचार तास लिहिलेले असतात, दुसऱ्या ठिकाणी सव्वाचार, विमान कंपनीच्या वेळापत्रकात जाताना साडेचार तासांहून थोडे अधिक आणि परतताना पाच तासांच्या आसपास, आणि तिकिटावरच्या सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांची सरळ वजाबाकी केली तर भलतेच काहीतरी उत्तर येते. यातील बहुतेक आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजत असतो. कोणता आकडा काय मोजतो हे कळले की पुढचे विमान गाठण्याचे नियोजन नीट करता येते, आणि विमानाला फार उशीर झाला तर नुकसानभरपाईचा हक्कही ओळखता येतो.

सुरुवात अंतरापासून करू, कारण या सगळ्या हिशेबात स्थिर राहणारी गोष्ट तेवढी एकच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा नेहमी एका बृहत्वृत्ताचा तुकडा असतो. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, म्हणजे जे वर्तुळ पृथ्वीचे दोन समान भाग करते, ते बृहत्वृत्त. विषुववृत्त हे त्याचे शाळेपासून परिचित असलेले उदाहरण आहे, पण असे वर्तुळ कोणत्याही दोन ठिकाणांमधून काढता येते. लिस्बन साधारण ३८.७ अंश उत्तर अक्षांश आणि ९.१ अंश पश्चिम रेखांशावर आहे, तर हेलसिंकी ६०.२ अंश उत्तर आणि २४.९ अंश पूर्व येथे आहे. या चार आकड्यांवरून त्रिकोणमितीच्या एका सूत्राने पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढता येतो आणि तो ३०.२ अंशांच्या किंचित वर येतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, त्यामुळे गुणाकार केल्यावर सुमारे ३,३६० किलोमीटर हे उत्तर मिळते.

बाकीचे दोन आकडे याच अंतराची वेगळ्या एककांमधली रूपे आहेत. २,०८८ हे जमिनीवरचे मैल, म्हणजे १.६०९ किलोमीटरचा एक मैल या हिशेबाने, आणि १,८१४ हे सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटरचा एक. सागरी मैलाची मूळ कल्पनाच पृथ्वीच्या गोलाईतून आलेली आहे. एका अंशाचे साठ भाग केले की प्रत्येक भागाला एक मिनिट म्हणतात, आणि त्या एका मिनिटाएवढे पृष्ठभागावरचे अंतर म्हणजे एक सागरी मैल. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक आजही याच एककात बोलतात. विमानाचा वेग ज्या नॉटमध्ये सांगितला जातो तो नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. एककाचे नाव न वाचता नुसता आकडा उचलला, तर तीन हजारांहून अधिक किलोमीटरच्या प्रवासाचे अंतर जवळजवळ निम्मे झाल्यासारखे वाटते.

काही किलोमीटरचा फरक एकक तेच असूनही राहतो. पृथ्वी तंतोतंत गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांकडे ६,३५७ किलोमीटर आहे, म्हणून तिला निव्वळ गोल मानणाऱ्या आणि तिचे चपटेपण हिशेबात घेणाऱ्या सूत्रांच्या उत्तरांत अगदी थोडे अंतर पडते. शिवाय काही संकेतस्थळे शहराच्या मध्यापासून मोजतात आणि काही विमानतळापासून. हेलसिंकीचा विमानतळ प्रत्यक्षात शेजारच्या वांता शहरात, मध्यवस्तीच्या बऱ्याच उत्तरेला आहे. या प्रवासात हे फरक किरकोळच आहेत.

नकाशाबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. संगणकावर नेहमी दिसणारे बहुतेक नकाशे गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी तयार केलेल्या पद्धतीवर आधारलेले आहेत. या पद्धतीत दिशा अचूक राहतात, पण त्यासाठी उत्तरेकडचा भाग ताणून मोठा दाखवावा लागतो. हेलसिंकीच्या अक्षांशावर हा ताण जवळजवळ दुप्पट असतो, लिस्बनजवळ तो त्याहून पुष्कळ कमी असतो. अशा नकाशावर दोन्ही शहरे पट्टीने सरळ जोडली, तर रेषा जर्मनीतल्या कोब्लेंझ शहराच्या आसपासून जाते. खरा सर्वांत जवळचा मार्ग त्याच्या सुमारे दोनशे किलोमीटर वायव्येकडून जातो. तो पोर्तुगाल आणि स्पेनचा उत्तर भाग ओलांडून बिस्केच्या उपसागरावर येतो, फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरतो, पॅरिस उजव्या हाताला ठेवतो आणि पुढे बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनीचा वायव्य कोपरा, डेन्मार्कची बेटे आणि स्वीडनचा आग्नेय भाग पार करून बाल्टिक समुद्रावरून हेलसिंकीला पोहोचतो. या वाटेचा बरोबर मध्यबिंदू काढला तर तो ब्रुसेल्सच्या थोडा नैर्ऋत्येला येतो.

नकाशावर हे दोन मार्ग इतके वेगळे दिसत असले, तरी त्यांच्या लांबीतला फरक तीस किलोमीटरांहून कमी आहे. पट्टीने काढलेली रेषा सुमारे ३,३८९ किलोमीटरची भरते. युरोपच्या आतल्या प्रवासात पृथ्वीच्या गोलाईमुळे अंतरात पडणारा फरक इतपतच असतो, तो मोठा होतो महासागर ओलांडणाऱ्या उड्डाणांत. तेव्हा लिस्बन ते हेलसिंकीच्या वेळात दिसणारी तफावत अंतराने समजावता येत नाही आणि तिची कारणे आकाशातच शोधावी लागतात.

आता वेग पाहू. या मार्गावर उडणारी मध्यम आकाराची जेट विमाने साधारण अकरा किलोमीटर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्क्यांच्या आसपास वेगाने उडतात. त्या उंचीवरची हवा उणे ५६ अंश सेल्सियसच्या जवळपास थंड असते आणि थंड हवेत ध्वनीचा वेगही कमी होऊन तासाला सुमारे १,०६२ किलोमीटरवर येतो. त्याचे ७८ टक्के म्हणजे तासाला ८२८ किलोमीटर. वारा अजिबात नाही असे धरले तर ३,३६० किलोमीटरसाठी ४ तास ३ मिनिटे लागतील. अंतर सांगणारी अनेक संकेतस्थळे इतकाही विचार न करता सगळ्या विमानांसाठी तासाला ८०० किंवा ९०० किलोमीटर असा एकच गोल आकडा धरतात. ९०० ने भागले की ३ तास ४४ मिनिटे येतात, आणि त्यात चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवला की ४ तास १४ मिनिटे. सुरुवातीला सांगितलेले पावणेचार आणि सव्वाचार हे आकडे असे तयार होतात. वारा कसा आहे, दिशा कोणती आणि विमानतळ कोणता, यांतले काहीच त्यांत नसते, म्हणून त्यांवर विसंबून पुढचे विमान ठरवणे धोक्याचे आहे.

वाऱ्याचा परिणाम समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या संदर्भातला वेग असतो आणि ती हवा स्वतःच सरकत असते. खाडीत वल्हवणारा माणूस भरतीबरोबर आत जाताना आणि भरतीच्या विरुद्ध बाहेर येताना सारखेच श्रम करतो, पण काठाच्या हिशेबात त्याची चाल एका वेळी वाढते आणि दुसऱ्या वेळी घटते, तसेच हे आहे. उत्तर गोलार्धाच्या या पट्ट्यात उंचावरचे वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, कारण दक्षिणेकडची उबदार आणि उत्तरेकडची थंड हवा यांच्यातल्या फरकामुळे वाहू लागलेली हवा पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळवली जाते. जिथे तापमानाचा हा फरक थोड्या अंतरात एकवटतो तिथे अरुंद आणि अतिशय वेगवान असा जेट प्रवाह तयार होतो, आणि हिवाळ्यात फरक वाढला की त्याचा जोरही वाढतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे उंचावरचे वारे मोजले होते, पण त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केल्यामुळे तो जगात फारसा वाचलाच गेला नाही. इतक्या महत्त्वाच्या निरीक्षणाच्या वाट्याला अशी उपेक्षा यावी, याची खंत वाटते.

लिस्बनहून हेलसिंकीला जाताना दिशा ईशान्येची असल्यामुळे या वाऱ्याचा सगळा नसला तरी बराचसा जोर पाठीशी मिळतो. एखाद्या दिवशी संपूर्ण मार्गावर सरासरी तासाला ६० किलोमीटरची मदत मिळाली असे धरू. मग जमिनीच्या हिशेबात वेग ८८८ होतो आणि ३ तास ४७ मिनिटे लागतात. त्याच वाऱ्यात परतताना वेग ७६८ वर येतो आणि ४ तास २२ मिनिटे लागतात. एकाच विमानाने एकाच अंतरासाठी घेतलेल्या वेळात ३५ मिनिटांचा फरक पडला तो असा. वारा १०० किलोमीटरचा असेल तर जाताना ३ तास ३७ मिनिटे आणि येताना ४ तास ३७ मिनिटे, म्हणजे फरक तब्बल एक तासाचा होतो. जाताना जेवढा वेळ वाचतो तेवढाच येताना जातो, त्यामुळे बेरीज सारखीच राहते, असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नाही. वारा नसताना जाऊन येऊन ८ तास ७ मिनिटे लागतात, १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ८ तास १४ मिनिटे, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ. वारा एका दिशेला मदत करीत असला, तरी येण्याजाण्याच्या एकूण प्रवासात तो काही ना काही मिनिटे खातोच.

हा झाला पूर्ण वेगाने उडण्याचा वेळ. वेळापत्रकात छापलेला वेळ याहून वेगळा असतो आणि सर्वाधिक गैरसमज तिथेच होतात. विमान कंपन्या विमान गेटवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. त्यात गेटपासून धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, उतरणे आणि पुन्हा गेटपर्यंत येणे हे सर्व आले. दहा हजार फुटांच्या खाली वेग साधारणपणे २५० नॉटपुरता, म्हणजे तासाला ४६३ किलोमीटरपुरता, मर्यादित ठेवावा लागतो आणि उतरण्याची सुरुवात विमानतळ सुमारे दोनशे किलोमीटर दूर असतानाच होते, त्यामुळे चढ-उताराच्या टप्प्यांत मिळून दहाएक मिनिटे जास्त जातात. जमिनीवरची वीसेक मिनिटे त्यात मिळवा, आणि वेळेवर पोहोचण्याची शक्यता वाढावी म्हणून कंपनीने मुद्दाम ठेवलेली थोडी राखीव मिनिटेही मिळवा. अशा रीतीने ३ तास ४७ मिनिटांचे साडेचार तास किंवा थोडे अधिक होतात आणि ४ तास २२ मिनिटांचे पाच तासांच्या आसपास. विमान पंधरा मिनिटे उशिरा निघूनही अनेकदा वेळेवर पोहोचते, ते या राखीव वेळामुळे.

दोन्ही विमानतळांचा स्वभावही या वेळात मिसळलेला असतो. लिस्बनचा विमानतळ १९४२ मध्ये सुरू झाला, तो आता शहराच्या वस्तीने वेढलेला आहे आणि तिथली सारी वाहतूक एकाच धावपट्टीवर चालते. विमाने वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतात, आणि लिस्बनमध्ये वारा बहुतेक काळ उत्तरेकडून येतो. त्यामुळे हेलसिंकीहून, म्हणजे ईशान्येकडून, आलेल्या विमानाला शहर ओलांडून दक्षिणेला टेगस नदीच्या पलीकडे जावे लागते आणि तिथे वळून पुन्हा उत्तरेकडे तोंड करून उतरावे लागते. निघणाऱ्या विमानाला तीच उत्तरेची दिशा सोयीची असते. हेलसिंकीचा विमानतळ १९५२ च्या ऑलिंपिकसाठी उघडला गेला, तिथे तीन धावपट्ट्या आहेत आणि गर्दीची अडचण तुलनेने कमी आहे, मात्र हिवाळ्यात निघण्यापूर्वी पंखांवरचे बर्फ ग्लायकॉलचा फवारा मारून काढावे लागते. ती मिनिटे टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत, कारण पंखावरचा बर्फाचा पातळ थरसुद्धा विमानाला वर उचलणारी शक्ती घटवतो.

वाटेत जे देश लागतात त्या प्रत्येकाचे स्वतःचे हवाई क्षेत्र आहे. या सगळ्या वाहतुकीचा मेळ घालण्याचे काम युरोकंट्रोल ही संस्था करते. तिचा करार १९६० मध्ये झाला आणि तिचे मुख्यालय ब्रुसेल्समध्येच, म्हणजे आपल्या वाटेच्या जवळजवळ मध्यावर, आहे. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीवरचे उंच आकाश तर नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरातले एकच नियंत्रण केंद्र सांभाळते. पूर्वी विमानांना ठरावीक बिंदूंना जोडणाऱ्या हवाई रस्त्यांवरूनच जावे लागे. पोर्तुगालने २००९ मध्ये आपल्या उंच आकाशात विमानांना हवी ती सरळ वाट निवडू देण्याची व्यवस्था सुरू केली आणि त्या बाबतीत तो युरोपात अग्रेसर ठरला. त्यानंतर ही पद्धत पसरत गेली, तरीही लष्करी क्षेत्रे, वादळे आणि गर्दी यांमुळे प्रत्यक्ष उडलेले अंतर बृहत्वृत्तापेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी जास्त असते. आपल्या प्रवासात तीन टक्के म्हणजे शंभर किलोमीटर, अर्थात सात मिनिटे. फ्रान्समधल्या हवाई नियंत्रकांचा संप असेल तर फ्रान्समध्ये न उतरणाऱ्या या विमानालाही वळसा घालावा लागू शकतो किंवा लिस्बनमध्येच थांबून राहावे लागते. गर्दीच्या काळात युरोकंट्रोल विमानाला उड्डाणाची नेमकी वेळ देते आणि त्या वेळेच्या पाच मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंतच ते निघू शकते. दारे बंद करून सर्व प्रवासी बसलेले असताना विमान जागचे हलत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते.

आकाशाचे राजकारण वेळावर किती परिणाम करू शकते, याचे उदाहरण हेलसिंकीतच आहे. रशियाचे आकाश २०२२ मध्ये युरोपीय विमानांना बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला, जरी त्या दोन शहरांमधले अंतर एका मीटरनेही वाढलेले नाही. लिस्बनच्या वाटेवर सुदैवाने असे बंद आकाश लागत नाही.

घड्याळाचा मुद्दा सोपा आहे, पण एकाच प्रमाणवेळेच्या देशात वाढलेल्या आपल्यासारख्यांचा तिथे हमखास घोळ होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. फिनलंड पोर्तुगालच्या दोन तास पुढे आहे, आणि दोन्ही देश मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळे बदलत असल्यामुळे हा फरक वर्षभर कायम राहतो. लिस्बनहून दुपारी १२ वाजता निघालेले विमान ४ तास ३५ मिनिटांनी पोहोचले, तर हेलसिंकीत संध्याकाळचे ६.३५ वाजलेले असतात. हेलसिंकीहून सकाळी ८ ला निघून पाच तासांनी लिस्बनला उतरले, तर तिथे ११ वाजलेले असतात. नुसती वजाबाकी केली तर एक प्रवास साडेसहा तासांचा आणि दुसरा तीन तासांचा वाटेल. पूर्वेकडे जाताना वजाबाकीतून दोन तास कमी करावेत आणि पश्चिमेकडे जाताना त्यात दोन तास मिळवावेत.

आता नुकसानभरपाई. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत भरपाईची रक्कम प्रवासाच्या अंतरावर ठरते आणि ते अंतर बृहत्वृत्ताने मोजावे असे त्यातच लिहिलेले आहे. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, आणि संघाच्या आतल्या त्याहून लांबच्या उड्डाणांना ४०० युरो. त्यामुळे लिस्बन ते हेलसिंकीला ४०० युरोंचा टप्पा लागू होतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या निर्णयांनुसार तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचल्यास ही भरपाई मागता येते, मात्र वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर ती मिळत नाही. या नियमांत बदल करण्याची चर्चा संघात चालू आहे, म्हणून प्रवासाच्या वेळी लागू असलेला नियम पाहून घ्यावा.

उशीर मोजायचा कोणत्या क्षणापर्यंत, हा प्रश्नही न्यायालयापर्यंत गेला होता. चाके धावपट्टीला टेकल्यावर की विमान जागेवर थांबल्यावर? युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की विमानाचे किमान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडता येईल तो क्षण हीच पोहोचण्याची वेळ. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो, कारण दार उघडेपर्यंत प्रवाशाला आपल्या वेळावर कोणताच ताबा नसतो. मध्ये विमान बदलून गेल्यास अंतर कोणते धरायचे, याचा निकाल २०१७ मध्ये लागला. त्या खटल्यातील प्रवासी रोमहून ब्रुसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेले होते. वळशाने तो प्रवास १,६५६ किलोमीटरचा होत होता, पण रोम ते हॅम्बुर्ग थेट अंतर १,३२६ किलोमीटरच आहे, आणि न्यायालयाने हे थेट अंतरच ग्राह्य धरले. तेव्हा एकाच आरक्षणावर लिस्बनहून फ्रँकफर्टमार्गे हेलसिंकीला गेलात आणि शेवटच्या मुक्कामी तीन तास उशिरा पोहोचलात, तरी अर्जात लिहायचे अंतर तेच ३,३६० किलोमीटर, मग विमान प्रत्यक्षात कितीही फिरून आलेले असो.